जीज बेंड: गोधड्यांमागचं गाव

१९४२ साली अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यातल्या जीज बेंड नावाच्या नदीकाठच्या खेड्यात मिसूरी पेटवे या बाईंचा नवरा आठ महिन्यांच्या दुखण्यानंतर वारला. मागे राहिले ते त्याचे शेतावर घालायचे कपडे. मिसूरींनी ते उसवले, फाडून पट्ट्या केल्या आणि थोरल्या मुलीला, आर्लोन्झियाला, जोडीला घेऊन त्यांची गोधडी शिवली. आर्लोन्झिया तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. म्हातारपणी त्या सांगायच्या, आई म्हणाली होती की यांच्या कपड्यांची गोधडी करते, आठवण राहील, आणि मायेनं ती अंगावर घेऊन निजेन.

अशा गोधड्या जवळून पाहिल्या की त्यांत माणूस दिसतो. गुडघ्यावरची डेनिम विटून पांढरी पडलेली असते. विजारीचा खिसा उसवून काढला, तिथं खिशाच्या आकाराचा गडद निळा चौकोन उरतो, कारण तेवढ्या तुकड्याला कधी ऊन लागलेलंच नसतं. इंग्रजीत यांना क्विल्ट म्हणतात आणि आपल्याकडे त्याचं भाषांतर सर्रास ‘रजई’ असं होतं. मी मात्र गोधडीच म्हणणार. रजई नव्या कापडाची असते. जुनेराची, अंगावर वापरून मऊ झालेल्या कपड्यांची जी होते ती गोधडी, कुठे वाकळ. जीज बेंडच्या बायका जे शिवत आल्या ते हेच.

या गोधड्या आज अमेरिकेतल्या मोठमोठ्या संग्रहालयांत भिंतीवर टांगलेल्या आहेत, टपाल तिकिटांवर आल्या आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना एक वाक्य हटकून येतं: हे गाव जगापासून तुटलेलं होतं, म्हणून तिथली कला शुद्ध राहिली. हे अर्धसत्य आहे, आणि मला ते सलतं. गाव आपोआप तुटलं नव्हतं. ते पुन्हा पुन्हा तोडलं गेलं: कधी कर्जानं, कधी धरणानं, कधी फेरीबोट बंद करून. गोधड्यांची गोष्ट सांगायची तर आधी हे सांगायला हवं.

अलाबामा नदी विल्कॉक्स परगण्यात एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या कुशीत, तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीवर हे गाव आहे. बेंड म्हणजे वळण, आणि जी हे पहिल्या मळेवाल्याचं आडनाव. जोसेफ जी १८१६ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनातून इथं आला. सोबत १८ गुलाम होते, आणि त्यांच्या श्रमांवर त्यानं कापसाचा मळा उभा केला. पुढे १८४५ मध्ये त्याच्या वारसांनी २९,००० डॉलरच्या कर्जापोटी हा मळा मार्क पेटवे या नातलगाच्या हवाली केला. पेटवेनं वर्षभरात नॉर्थ कॅरोलायना सोडलं. घरची मंडळी आणि सामानसुमान गाड्यांत, आणि शंभरएक गुलाम पायी. एका स्वयंपाकिणीला तेवढं गाडीत बसू दिलं, बाकी सगळे चालत आले, असं गावात सांगतात. मालकाचं आडनाव गुलामांना लागलं ते कायमचं. आजही गावात पेटवे इतके आहेत की आडनावावरून कोण कुणाचं ते कळत नाही.

गुलामांची आयात अमेरिकेत १८०८ पासूनच कायद्यानं बंद होती, तरी चोरटी जहाजं येत राहिली. आर्लोन्झियांची पणजी डायना लहानपणी अशाच जहाजातून आफ्रिकेतून मोबील बंदरात आली होती. तिला दहा सेंटला विकलं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाई. मला यातली किंमत महत्त्वाची वाटत नाही. पणतीपर्यंत ती गोष्ट तोंडी पोचली, हे महत्त्वाचं. लिहिता-वाचता येऊ दिलं नव्हतं, अशा माणसांनी आपला इतिहास दुसरीकडे ठेवावा कुठे?

यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, माणसं मात्र त्याच जमिनीवर कुळं म्हणून राहिली. १८९५ मध्ये पेटवे घराण्यानं मळा टस्कलूसाच्या व्हॅन डी ग्राफ नावाच्या वकिलाला विकला. नवा मालक गावात राहत नव्हता, खंड तेवढा वसूल होई. बी-बियाणं, अवजारं, मीठ-मिरची सगळं नदीपलीकडच्या कॅम्डनच्या दुकानदाराकडून उधारीवर यायचं आणि कापूस विकला गेला की वळतं व्हायचं. आपल्याकडच्या सावकारीचं गणित ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवं काही नाही.

मग कापसाचा भाव पडला. महामंदीत तो पौंडाला पाच सेंटपर्यंत खाली आला. दुकानदार कर्ज वाढवत राहिला, आणि अशातच तो वारला. १९३२ च्या हंगामात त्याच्या विधवेनं सगळी उधारी एकदम मागितली. कुणाकडेच पैसे नव्हते. तेव्हा तिची माणसं गाड्या घेऊन गावात शिरली आणि साठाहून अधिक घरं धुऊन नेली. खेचरं, गायी, डुकरं, कोंबड्या, नांगर, गाड्या, कणग्यांतला मका, पुरून ठेवलेली रताळी, भुईमुगाच्या शेंगा. तोंडावर हिवाळा होता. घरात दाणा नाही आणि पुढच्या वर्षी पेरायला अवजार नाही. त्या थंडीत माणसं जगली ती रेडक्रॉसच्या शिध्यावर, आणि रानातल्या फळांवर, शिकारीवर. जुन्या माणसांच्या आठवणींत काळाची मोजदाद या धाडीपासून होते: धाडीआधी आणि धाडीनंतर.

१९३७ मध्ये छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन सरकारी कामावर गावात आले. त्यांचं एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेलं असेल. लाकडी ओंडक्यांची खोली, काच नसलेली खिडकी, खिडकीत हाताची घडी टेकवून बाहेर पाहणारी मुलगी. खिडकीच्या फळीला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं, आणि त्यावरच्या जाहिरातीत एक गोरी बाई हसत हसत खाण्याचं ताट पुढे करतेय. वर्तमानपत्र शोभेसाठी नव्हतं. फटींतून वारा येऊ नये म्हणून भिंतींना कागदाचे थर लावत, आणि त्याच वाऱ्यासाठी रात्री एकावर एक गोधड्या लागत. आत भरायला कापूस कुठला? जिनिंगच्या जागी सांडलेली झाडलोट गोळा करायची, काठीनं बडवून मोकळी करायची आणि तीच पसरायची. जीर्ण झालेली गोधडीही वाया जात नसे. उन्हाळ्यात डास हटवायला ती अंगणात धुमसत ठेवत.

याच सुमारास एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते गावाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. रूझवेल्ट सरकारनं व्हॅन डी ग्राफ यांच्याकडून सुमारे १०,००० एकर जमीन विकत घेतली आणि ती त्याच कुळांना कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जावर दिली. सोबत नवी घरं, शाळा, दवाखाना, सहकारी दुकान, जिनिंग. त्या घरांना लोक ‘रूझवेल्ट घरं’ म्हणू लागले. फुकट काही नव्हतं, हप्ते फेडावे लागले. पण ज्यांच्या पणज्या गाडीमागून चालत आल्या होत्या, त्यांच्या नावावर जमीन झाली. दक्षिणेत काळ्या शेतकऱ्यांच्या नशिबी हे फार थोड्या ठिकाणी आलं. १९४१ मध्ये अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयासाठी रॉबर्ट सॉन्किन यांनी गावात येऊन गाणी, प्रार्थना, सभांतली भाषणं ध्वनिमुद्रित केली. तो आवाज आजही ऐकता येतो. १९४९ मध्ये टपाल खात्यानं गावाचं नाव बदलून बॉइकिन केलं. एका गोऱ्या काँग्रेस-सदस्याचं नाव ते. गावानं ते पाकिटावर लिहिलं, तोंडी जीज बेंडच राहिलं.

जमिनीच्या या मालकीचा अर्थ १९६५ मध्ये कळला. विल्कॉक्स परगण्यात बहुसंख्य लोकवस्ती काळी, आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला मतदारयादीत काळं नाव एकही नाही. फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग एका पावसाळी रात्री जीज बेंडच्या चर्चमध्ये येऊन बोलले. त्यानंतर गावातली माणसं नाव नोंदवायला कॅम्डनला निघाली. आसपासच्या मळ्यांवर ज्या कुळांनी असं केलं, त्यांना मालकांनी घराबाहेर काढलं. जीज बेंडमध्ये माणसं स्वतःच्याच घरात राहत, त्यांना कुणी काढू शकत नव्हतं, म्हणून इथली माणसं पुढे होती. गावातल्या गोधडी शिवणाऱ्या मेरी ली बेंडॉल्फ सांगत, कॅम्डनला पोचल्यावर किंग ‘फक्त गोऱ्यांसाठी’ लिहिलेल्या नळावर पाणी प्यायले. ते पाहून त्याही गेल्या आणि पोटभर प्यायल्या.

पण कॅम्डनला जायचं कसं? नदी ओलांडली की कॅम्डन जवळ. रस्त्यानं वळसा घालून गेलं तर चाळीस मैल, तेही बराच काळ कच्च्या वाटेनं. पिढ्यान्‌पिढ्या लोक तारेवर ओढत नेलेल्या फेरीबोटीतून पलीकडे जात. १९६२ मध्ये, काळ्यांच्या मतनोंदणीची चळवळ जोर धरू लागली तेव्हा, गोऱ्या अधिकाऱ्यांनी ही फेरी बंद केली. ते काळे आहेत म्हणून नाही, तर काळे आहेत हे विसरले म्हणून आम्ही फेरी बंद केली, असं तेव्हाचा शेरीफ म्हणाल्याचं सांगतात. शब्द तेच असोत-नसोत, घडलं ते तसंच. इस्पितळ, बाजार, कचेरी, सगळं पलीकडे. दुखणाइताला घेऊन चाळीस मैल, परत चाळीस मैल. हे एक-दोन वर्षं नव्हे, चव्वेचाळीस वर्षं चाललं.

त्याच दशकात मिलर्स फेरी इथं नदीवर धरण झालं. जलाशय फुगला आणि वळणातली नदीलगतची सगळ्यात कसदार जमीन पाण्याखाली गेली. हप्ते फेडून मिळवलेली जमीन ती. शेती संपत आली, तरुण मोबील, डेट्रॉइट, न्यू यॉर्कच्या वाटेला लागले. धरणग्रस्तांची गावं पाहिलेल्या मराठी माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको.

शिवणकामातून पैसा मिळू शकतो हे पहिल्यांदा याच काळात दिसलं. डिसेंबर १९६५ मध्ये फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या पाद्र्यांना जाता-जाता एका घराच्या दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्यांनी भागातल्या बायकांकडून नगाला दहा डॉलर देऊन गोधड्या घेतल्या आणि न्यू यॉर्कला लिलावात विकल्या. त्यातून १९६६ मध्ये शेजारच्या वस्तीत ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था निघाली. मतनोंदणीमुळे घर गेलेल्या काही कुटुंबांना या संस्थेनं आपल्या जमिनीतले तुकडेही विकले. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीकडून उशांच्या कॉर्डरॉय अभ्र्यांचं मोठं काम आलं. दुकानाला हवा तो एकसारखा, काटेकोर माल बायका दिवसभर शिवत. उरलेल्या चिंध्या घरी जात: सोनेरी, शेवाळी हिरवा, नारिंगी, चेरीसारखा लाल. सत्तरच्या दशकातल्या जीज बेंडच्या गोधड्यांत हे जाड, रेघांचं, झगझगीत कापड अचानक दिसू लागतं ते यामुळे. कंपनीसाठी आखून दिलेलं शिवायचं आणि घरी मन मानेल तसं. चौकोनात चौकोन बसवत नेलेल्या रचनेला त्या ‘हाऊसटॉप’ म्हणतात, आणि कुठलंच ठरलेलं नाव नसलेल्या रचनेला ‘माय वे’, म्हणजे माझ्या पद्धतीनं.

इथं एक आपल्याकडची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आफ्रिकी लोक पळून कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळच्या जंगलात गेले, त्यांचे वंशज सिद्दी. कोकणी बोलणाऱ्या सिद्दी बायका जुन्या साड्या-कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांत तुकड्यांची ‘फुलं’ घालतात. फुलांवाचून कवंदी पुरी होत नाही. जीज बेंडशी त्यांचा संपर्क नव्हता, आणि दोन्हींचा उगम एकच असं मी म्हणत नाही. समुद्रापार नेऊन विकलेल्या माणसांच्या लेकी-नाती दोन खंडांत चिंध्यांतून जे उभं करतात, ते शेजारी ठेवून पाहावं एवढंच.

पुढचं पुष्कळांना माहीत आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अटलांटाचे संग्राहक विल्यम आर्नेट यांनी गावातल्या ॲनी मे यंग यांची, लाकडाच्या मोळ्यांवर टाकलेली एक गोधडी छायाचित्रात पाहिली आणि ते गाव शोधत आले. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन भरलं, समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. २००६ मध्ये १० टपाल तिकिटं निघाली. मग पैशांचा आणि हक्कांचा प्रश्न आला. २००७ मध्ये ॲनी मे यंग आणि लॉरेटा पेटवे यांच्यासह काही जणींनी आर्नेट आणि संबंधितांवर दावे लावले, ते पुढच्या वर्षी तडजोडीनं मिटले. या बायकांना फक्त कौतुक नको होतं, हिशेबही हवा होता. ज्या गावाला कर्जाच्या वहीनं एकदा उघड्यावर आणलं, तिथल्या बायकांनी हिशेब मागणं मला अगदी योग्य वाटतं. २०२१ पासून अनेक जणी इंटरनेटवरच्या दुकानांतून स्वतःच्या नावानं, स्वतः ठरवलेल्या किमतीला गोधड्या विकतात.

फेरी सप्टेंबर २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून ती संपूर्ण विजेवर चालते, प्रवासी आणि गाड्या नेणारी अशी ती अमेरिकेतली पहिली. ज्यांनी चाळिशीत नदी बंद झालेली पाहिली, त्यांतले बहुतेक तोवर गेले होते. कॅम्डनचा धक्का आता पाऊण-एक तास नव्हे, पंधरा-वीस मिनिटांवर आहे.