हाताचा वेग, रंगाचा जोर

बेळगावच्या खडे बाजारात फ्लेक्सच्या गर्दीत हाताने रंगवलेली जुनी पाटी दिसली, तर जरा जवळ जाऊन बघा. मराठी आणि कन्नड, दोन्ही एकाच पेंटरच्या हातची. देवनागरीची शिरोरेघ एका दमात ओढलेली असते. ब्रशच्या केसांचे बारीक ओरखडे तिच्यात शेजारी-शेजारी धावतात आणि शेवटाकडे रंग विरळ होतो. कन्नड अक्षरांच्या आवळ वळणांत मात्र तोच रंग दाट बसतो, कारण तिथे हात मंदावलेला असतो.

ही काही त्या पेंटरची खोड नव्हे. 1983 साली लाक्वानिती, तेर्झुओलो आणि विवियानी या संशोधकांनी हाताच्या हालचाली मोजून नियम मांडला: वळण जितकं आवळ, तितका हात हळू. हिशेब साधारण घनमुळाचा. वळणाची त्रिज्या आठपट कमी झाली की वेग निम्मा होतो. रांगोळी घालणारीला घनमूळ आठवायची गरज पडत नाही. चिमटीतून भुकटी एकसारखी सुटत असली, तर पाकळीच्या टोकाला रेघ आपोआप जाड होते. रेघेत वेग असा नोंदला जातो.

अमूर्त चित्रात घर नाही, झाड नाही, चेहरा नाही. उरते ती हाताच्या वेगाची हीच नोंद: फटकारा, मध्येच थांबणं, ओघळ. (सगळीच अमूर्त चित्रं अशी नसतात हं. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत. तिथे ब्रशचा फटकारा शोधत बसण्यात अर्थ नाही.) इटलीचा लुचो फोंताना तर कॅनव्हास चक्क चिरायचा. त्याच्या या चिरा लोकांना दाखवून त्यांचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढल्याचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. आपण हात हलवतो तेव्हा मेंदूच्या संबंधित भागावरची ‘म्यू’ लय दबते. इथे हात न हलवता, नुसत्या चिरा बघूनही ती दबली. चिरांच्या जागी साध्या रेघा दाखवल्या, तेव्हा तसं झालं नाही.

यावरून ‘चित्रकाराची भावना थेट प्रेक्षकाच्या मेंदूत’ असं ठोकून देणं मला घाईचं वाटतं. लय दबणं वेगळं, मन हलणं वेगळं.

भावनेबद्दल मला जास्त पटतो तो प्रयोग चित्रांचा नव्हताच. 2001 साली फ्रँक पॉलिक आणि सहकाऱ्यांनी दार ठोठावणारा आणि पेला तोंडाला लावणारा हात नुसत्या हलत्या ठिपक्यांनी दाखवला. हात रागातला, आनंदातला की दुःखातला, ते ओळखायचं होतं. भावनेचा जोर हालचालीच्या वेगाशी जुळला: वेगवान हात खवळलेला किंवा उत्साही वाटला, संथ हात मरगळलेला. भावना सुखाची की त्रासाची, हे मात्र वेगावरून ठरत नव्हतं.

अमूर्त चित्रापुढे नेमकं हेच होत असावं, असं मला वाटतं. लाल रंगाचे तेच सपासप फटकारे बघून एकाला संताप आठवतो, दुसऱ्याला बेळगावातल्या शहापूरची रंगपंचमी, आणि दोघांतलं कुणीच चुकत नाही. जोर कॅनव्हासवरचा; त्याला नाव ज्याने त्याने आपलं द्यावं. म्हणूनच असल्या चित्राखाली ‘वेदना’ नाहीतर ‘उन्माद’ अशी चिठ्ठी डकवलेली दिसली, की मी आधी चिठ्ठी बोटाने झाकतो आणि मग चित्र बघतो.