यूएसबी साउंड कार्ड आणि दोन घड्याळांचं गणित

गणपती जवळ आले की बेळगाव, शहापूर, वडगावातल्या मंडळांत देखाव्याचं निवेदन रेकॉर्ड करायची घाई सुरू होते आणि डेस्कटॉपला साउंड कार्ड (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारं उपकरण) कुठलं घ्यावं, हा प्रश्न निघतो. 'आत बसणारं कार्डच घ्या, यूएसबीला वेग पुरत नाही,' असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि साधा गुणाकार केला की ते कळतं.

स्टुडिओच्या दर्जाचा आवाज घेऊ: सेकंदाला ९६,००० नमुने (आवाजाच्या लहरीची एकेक मोजणी), प्रत्येक २४ बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार येतो सेकंदाला सुमारे ४६ लाख बिट, म्हणजे ४.६ मेगाबिट. यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. संगणकाच्या आत कार्ड बसवायच्या जुन्या पीसीआय स्लॉटची १३३ मेगाबाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट), तर पीसीआय एक्सप्रेसच्या सगळ्यात लहान स्लॉटची पहिल्या पिढीतच २५० मेगाबाइट होती. आवाजाला तिन्ही रस्ते भरपूर रुंद आहेत.

यूएसबीचं खरं कोडं वेळेचं आहे. साध्या यूएसबी कार्डाशी संगणक दर मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे आकड्यांची एक खेप, या ठेक्यावर बोलतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे फ्रेममागे ४४.१. नमुन्याचा दहावा भाग पाठवता येत नाही, म्हणून नऊ फ्रेमांत ४४ आणि दहाव्या फ्रेमेत ४५ नमुने जातात. पण मिलिसेकंद मोजतो संगणकातला क्वार्ट्झ स्फटिक, आणि नमुने स्पीकरकडे सोडतो कार्डावरचा दुसराच स्फटिक. दोघांत दहा लाखांमागे ५० एवढा फरक असला, तरी सेकंदाला दोनाहून जास्त नमुन्यांची तफावत पडते. २५६ नमुन्यांचा बफर (नमुने तात्पुरते साठवायची जागा) अर्धा भरलेला असेल, तर मिनिटभरात तो ओसंडतो किंवा कोरडा पडतो आणि 'टक्' असा आवाज येतो.

यावर असिंक्रोनस पद्धत फार सुंदर आहे. तिच्यात कार्डाचं घड्याळ प्रमाण मानतात. कार्ड ठरावीक वेळाने संगणकाला उलट निरोप देतं, 'फ्रेममागे ४४.१०२२ नमुने पाठव.' हा आकडा २४ बिटांत लिहितात: पूर्णांकाला १० बिट, अपूर्णांकाला १४. म्हणजे एका नमुन्याच्या सोळा हजाराव्या भागाइतकी बारीक दुरुस्ती सांगता येते. स्वस्त कार्डांत बहुधा अ‍ॅडॅप्टिव्ह पद्धत असते. तिच्यात कार्ड आपलंच घड्याळ संगणकाच्या ठेक्याशी जुळवत राहतं, त्यामुळे त्या घड्याळाचा ठेका किंचित थरथरतो. आत बसणारं कार्ड मेमरीतून नमुने स्वतःच्या घड्याळाप्रमाणे ओढून घेतं, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

याचा थेट परिणाम रेकॉर्डिंगवर होतो. दोन निवेदकांसाठी दोन वेगळे यूएसबी माइक लावले, तर त्यांच्या घड्याळांतल्या दहा लाखांमागे ५० एवढ्याच फरकाने दहा मिनिटांत दोन आवाज ३० मिलिसेकंदांनी सरकतात. त्याऐवजी दोन एक्सएलआर इनपुट (माइकच्या तीन पिनांच्या प्लगची जागा) असलेला एकच इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, घ्या. कंडेन्सर माइक (चालायला वीज लागणारा माइक) असेल तर इंटरफेसवर ४८ व्होल्टचं फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच वीज द्यायची सोय, आहे ना, ते पाहा. हेडफोनही त्यालाच जोडा.

पीसीआय कार्ड स्वस्तात मिळालं तरी नव्या मदरबोर्डवर तो स्लॉट बहुतेक नसतोच. पीसीआय एक्सप्रेस कार्ड घेतलंत तर ग्राफिक्स कार्डापासून शक्य तितक्या लांबच्या स्लॉटमध्ये बसवा.

स्पीकरमधून सतत 'हूं' येत असेल तर कार्ड बदलायची घाई करू नका. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की त्यांच्या अर्थिंगच्या तारा आणि ऑडिओ केबलच्या आतली धातूची जाळी मिळून बंद वेटोळं तयार होतं आणि त्यातून विजेची ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. आधी दोन्ही एकाच विजेच्या बोर्डवर लावा. तरी राहिली तर ऑडिओ केबल संगणकाकडून काढून पाहा. गुणगुण थांबली तर दोष वेटोळ्याचाच. मग मध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे नेणारा) लावा किंवा ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून आवाज नेणारं, आउटपुट वापरा. काही जण अर्थिंगची पिनच तोडतात. हे अजिबात करू नका. एसएमपीएसमधल्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमुळे कॅबिनेटवर निम्म्या व्होल्टेजपर्यंत वीज उतरते, हात लावला की झिणझिण्या येतात, आणि आत बिघाड झाला तर जीवावर बेतू शकतं. मंडपातल्या तात्पुरत्या जोडणीत तर अर्थिंग आधी तपासून घ्या.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या यूएसबी केबलने आवाज 'खुलतो', हा दावा निखालस खोटा आहे. केबलमधून आकडे छोट्या पाकिटांत जातात. पाकीट बिघडलं तर ते टाकून दिलं जातं, कारण आवाजाची पाकिटं यूएसबीवर पुन्हा पाठवली जात नाहीत. ऐकू येते ती तुटकी खरखर. गोडवा कमी-जास्त होत नाही. दीड-दोन मीटरची साधी, घट्ट बसणारी केबल पुरते.

यूएसबी कार्ड हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) न जोडता मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला जोडा आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करा. बफर २५६ नमुन्यांवर ठेवून सुरुवात करा, ४४.१ किलोहर्ट्झला हा एक बफर ५.८ मिलिसेकंदांचा होतो, तेवढ्या वेळात आवाज हवेतून दोन मीटर जातो. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतोय असं वाटलं तर १२८ वर आणा, आणि तडतड सुरू झाली तर परत २५६ वर जा.