मूल वाढवणं आणि स्टार्टअप चालवणं: साम्य कुठं संपतं?

‘ही कंपनी म्हणजे माझं बाळच आहे’ असं सांगणारा संस्थापक बाणेरच्या ऑफिसात भेटतो, तसा सातपूरच्या एमआयडीसीतही भेटतो. दुसरीकडे, पोराचा बालवाडीपासून जेईईपर्यंतचा आराखडा एक्सेलमध्ये मांडून बसलेले आईबापही आता नवे राहिलेले नाहीत. दोन्हीकडे जागरण आहे, पैशाची ओढाताण आहे, न मागता मिळणारे सल्ले आहेत. त्यामुळे तुलना सुचणं साहजिकच आहे. पण ती कुठवर ताणायची हे ठरवलं नाही, तर कंपनीचंही नुकसान होतं आणि मुलाचंही. मुलाचं जास्त.

सगळ्यात मोठी गफलत होते ती ‘वाढ’ या गोष्टीत. नवजात बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत चक्क घटतं. जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट सहसा चिंतेची नसते, दोन आठवड्यांत ती भरून निघते. मग साधारण पाचव्या महिन्यात वजन दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोचं असतं. त्यानंतर मात्र वेग झपाट्यानं उतरतो. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतात, भूकही मंदावते, आणि घरोघरी आज्या म्हणू लागतात, ‘अगं, हा काही खातच नाही.’ बाळ खेळतंय, हसतंय, उंची वाढतेय. बहुतेक वेळा सगळं ठीकच असतं.

आता स्टार्टअपकडे बघा. सॉफ्टवेअर कंपन्यांत पैसे घालणाऱ्या गुंतवणूकदारांचा एक ठोकताळा आहे: वार्षिक उत्पन्न ओळीनं दोन वर्षं तिप्पट व्हावं आणि पुढची तीन वर्षं दुप्पट. हे गणित बाळाला लावलं तर नऊ किलोचं लेकरू दुसऱ्या वाढदिवसाला सत्तावीस किलोचं व्हायला हवं. एवढं वजन आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं असतं! कंपनीत वेग मंदावला की बोर्डाच्या बैठकीत प्रश्न विचारले जातात. मुलात तोच मंदावलेला वेग निसर्गक्रमाचा भाग असतो.

मोजण्याची पद्धतही निराळी. अंगणवाडीत मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड हातात घेऊन नीट बघावं. त्यावर हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे असतात, मुलींसाठी वेगळे, मुलग्यांसाठी वेगळे. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मानकांवरून आखलेले आहेत, आणि ती मानकं भारतासह सहा देशांतल्या बालकांच्या मोजमापांतून तयार झाली. सेविका दर महिन्याला वजनाचा ठिपका टाकते आणि आधीच्या ठिपक्याला जोडते. एका ठिपक्यापेक्षा रेषेची दिशा महत्त्वाची. रेषा सपाट झाली किंवा खाली वळली की लक्ष घालायचं. बाळ स्वतःच्या रेषेनं वर जात असेल, तर शेजारच्या बाळाचं वजन किती, हा प्रश्नच उरत नाही. कंपनीला मात्र शेजारी बघावंच लागतं, कारण ग्राहक तिकडे जाऊ शकतो.

कंपनीच्या कार्डावर सर्वात महत्त्वाचा आकडा असतो रनवेचा, म्हणजे हातातला पैसा किती महिने पुरेल याचा. बँकेत ६० लाख आहेत आणि उत्पन्न वजा जाता दरमहा ५ लाख खर्च होतात, तर हातात १२ महिने. हा आकडा आखडू लागला की माल बदलता येतो, ग्राहक बदलता येतो, शहरसुद्धा बदलता येतं. मूल असं ‘पिव्हट’ करता येत नाही. त्याला गणित आवडत नसेल तर तो आपल्या योजनेचा अपयशी प्रयोग नसतो. तो एक वेगळा माणूस असतो, एवढंच.

खरं साम्य मला दिसतं ते हात सोडण्यात. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकानं ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. सुरुवातीला आई बाळाच्या गरजांशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते, आणि बाळाची सहनशक्ती वाढेल तसतशी हळूहळू कमी जुळवून घेते. त्या लहानलहान उणिवांतूनच बाळ जगाशी व्यवहार शिकतं. दोन वर्षांची मुलगी ‘मी घालते’ म्हणून सँडल उलटसुलट पायांत अडकवत बसते, खाली रिक्षा थांबलेली असते, आणि आपले हात शिवशिवतात. नव्या सेल्सवाल्याचा पहिला मोठा कॉल चालू असताना संस्थापकाचे हात तसेच शिवशिवतात. तो मध्ये बोलला की कदाचित ऑर्डर मिळते, पण पुढच्या कॉललाही त्यालाच बसावं लागतं. दोन्हीकडे थोडा उशीर, थोडं नुकसान सोसावं लागतं. दोन्हीकडे ते सोसण्याजोगं असतं.

मालकीपाशी वाटा पुन्हा फुटतात. कंपनीचे शेअर असतात, ते विकता येतात. संस्थापकालाही बाहेर जावं लागतं: स्टीव्ह जॉब्स १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडले आणि १९९७ मध्ये परतले, २०१८ मध्ये वॉलमार्टनं फ्लिपकार्ट घेतली तेव्हा सचिन बन्सल बाहेर पडले. आपल्या कंपनी कायद्याच्या कलम १६९ नुसार भागधारक साध्या ठरावानं संचालकाला दूर करू शकतात. मुलावर अशी मालकी कुणाचीच नसते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ स्पष्टच सांगतं, की पालक नेमताना मुलाचं हित सर्वोपरि. तिथं आईबापाचा हक्कसुद्धा दुय्यम.

याच कारणानं ‘आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य मला खटकतं. कुटुंब कुणाला नोटीस पिरियड देत नाही. कर्मचाऱ्याला वेळेवर पगार, स्पष्ट काम आणि सन्मान द्यावा. त्याच्याकडून लेकराची निष्ठा मागू नये.

‘बाळ’ म्हणण्याचा सर्वात महागडा परिणाम दिसतो तो कंपनी बंद करायची वेळ येते तेव्हा. बाळाला कुणी सोडत नाही, म्हणून संस्थापक घर गहाण टाकतो, बायकोचे दागिने मोडतो, मित्रांकडून उसने घेतो. खरं तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत भागधारकाची जबाबदारी त्याच्या शेअरपुरतीच ठेवलेली आहे, ती अशाच वेळेसाठी. वैयक्तिक हमीवर सही केली की ते कवच तेवढ्यापुरतं गळून पडतं, म्हणून ती सही करण्याआधी घरात बोलावं. रनवे तीन-चार महिन्यांवर आला आणि नवा पैसा दिसत नसेल, तर तेव्हाच बसून हिशेब करावा: पगार, पीएफ, जीएसटी, पुरवठादार. हे सगळं फेडण्याइतके पैसे शिल्लक असताना घेतलेला निर्णय स्वच्छ पार पडतो. देणी संपली, भांडवलाच्या ७५ टक्के भागधारकांची संमती मिळाली आणि कंपनी कायद्याच्या बाकीच्या अटी बसत असल्या, की त्याच्या कलम २४८ खाली एसटीके-२ अर्ज भरून कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढता येतं. तो संस्थापक पुढं नोकरी करू शकतो, दुसरी कंपनीही काढू शकतो.