चौथऱ्यावरच्या लढाऊ विमानाची निगा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या महाविद्यालयाच्या, सैनिकी शाळेच्या किंवा नगरपरिषदेच्या आवारात हवाई दलाकडून मिळालेले निवृत्त लढाऊ विमान उभे असेल, किंवा तसे विमान मिळण्याची आपल्याला अपेक्षा असेल, तर हे माहितीपत्रक आपल्यासाठी आहे. आमचे छोटे वर्कशॉप नाशिक जिल्ह्यात, ओझरच्या जवळ आहे आणि आमच्या कारागिरांपैकी काहींची उमेदीची वर्षे लढाऊ विमानांच्या देखभालीत गेली आहेत. विमान पुन्हा उडवण्याजोगे करणे हे आमचे काम नाही. उन्हापावसात उभे असलेले विमान कुजू न देणे आणि ते ज्या काळात सेवेत होते त्या काळचे त्याचे रूप शक्य तितके खरे राखणे, एवढेच आम्ही करतो.

मिग-२१ हे विमान १९६३ साली भारतीय हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्याला निरोप देण्यात आला. त्याआधी, २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूर येथे मिग-२७ निवृत्त झाले होते. या दोन्ही जातींची बरीच विमाने ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या चौथऱ्यावर येणारे मिग हे कधीकधी माहेरीच परतलेले असते. पुण्यात घोरपडीच्या युद्धस्मारकात मिग-२३ आणि गोव्यात बोगमाळो येथील नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक यांसारखी विमाने अनेकांनी पाहिली असतील. अशी ठिकाणे मोजकी आहेत. बहुतेक विमाने एखाद्या फाटकाशी किंवा चौकात एकटी उभी असतात आणि त्यांची जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे, हे दोन-तीन प्राचार्य किंवा मुख्याधिकारी बदलले की कोणालाच सांगता येत नाही.

विमान नेमके कशाने खराब होते

विमान ॲल्युमिनियमचे असते, म्हणून त्याला गंज लागत नाही, असा समज सर्वत्र आढळतो आणि तोच सर्वांत महागात पडतो. विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. बळकटीसाठी त्यात तांबे किंवा जस्त मिसळलेले असते आणि ही बळकट मिश्रधातू ओलाव्यापुढे साध्या ॲल्युमिनियमपेक्षा बरीच दुबळी ठरते. म्हणून पुष्कळ ठिकाणी कारखान्यातच पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. हा थर घासला गेला की आतली धातू उघडी पडते आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. पुढच्या अवस्थेत पंखाच्या आतल्या जाड पट्ट्या जुन्या वहीच्या पानांसारख्या पदरापदराने फुगतात. बाहेरून रंग चकचकीत असताना आत हे चाललेले असू शकते, आणि म्हणून आम्ही पाहणीला आलो की आधी रंगाकडे न पाहता पोटाखालची झाकणे उघडतो.

पाणी आत कसे साचते, हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा तिथेच असते. विमानाच्या पोटाला आणि पंखांना पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे मुळातच ठेवलेली असतात, पण विमान स्वतःच्या चाकांवर सपाट उभे असताना जो भाग सर्वांत खाली येतो तिथे ती असतात. आपण तेच विमान खांबावर चढवून, नाक वर आणि एक पंख कललेला अशा उड्डाणाच्या ढंगात बसवले की सर्वांत खालची जागा बदलते, जुनी छिद्रे कोरडी राहतात आणि पाणी छिद्र नसलेल्या कप्प्यात साचते. त्यात धूळ, पालापाचोळा आणि पारव्यांची विष्ठा मिसळली की तो कप्पा पुढचे आठ महिने ओलाच राहतो. अशा विमानाला नव्या खालच्या जागी छिद्रे पाडणे, ती दरवर्षी तारेने मोकळी करणे आणि हवा घेण्याच्या व इंजिनाच्या तोंडांवर पाणी व पक्षी अडवणारी, पण वारा जाऊ देणारी झाकणे बसवणे, हे काम स्वस्त आहे आणि आमच्या मते कोणत्याही रंगकामापेक्षा ते अधिक मोलाचे आहे.

दुसरे कारण दोन धातूंच्या संगतीचे आहे. ॲल्युमिनियमला पोलाद चिकटून राहिले आणि मध्ये ओल असली की झीज ॲल्युमिनियमची होते. खांबाचा पोलादी पाळणा थेट पत्र्याला टेकवलेला आम्ही अनेक ठिकाणी पाहिला आहे; तिथे मध्ये नायलॉन किंवा निओप्रीनची जाड पट्टी हवीच. काही विमानांचे ओतीव भाग, विशेषतः जुन्या चाकांच्या तबकड्या, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात आणि ते सर्वांआधी जातात. समुद्राजवळ हे सगळे वेगाने घडते, कारण खारी हवा स्वतःच ओल धरून ठेवते. कोकण आणि गोव्यातील ग्राहकांनी पावसाळा सोडून इतर महिन्यांत विमान गोड्या पाण्याने महिन्यातून एकदा धुवावे, असा आमचा आग्रह असतो. पावसाळ्यात ते काम निसर्ग करतो, निदान वरच्या बाजूचे तरी.

हात लावण्याआधी

विमान देताना शस्त्रे काढून घेतलेली असतात, पण पायलटला संकटात विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटची आणि कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, उडवण्याची दारूची काडतुसे काढल्याचा लेखी दाखला ताबापत्राबरोबर आहे का, हे आपण स्वतः तपासावे. तो दाखला पाहिल्याशिवाय आमचा कोणताही माणूस कॉकपिटमध्ये पाय ठेवत नाही आणि या बाबतीत आम्ही कोणाच्याही शब्दावर विसंबत नाही. लाल पट्टी लावलेली पिन कुठे दिसली तर ती ओढू नये आणि मुलांना ‘एकदाच बसून फोटो काढू द्या’ म्हणून आत सोडू नये. दाबाखालची हवेची किंवा ऑक्सिजनची बाटली, हायड्रॉलिक तेल आणि आग विझवण्याची नळकांडी आत राहिली आहेत का, हेही पाहावे लागते.

१९५० व १९६० च्या दशकांतील विमानांत घड्याळांच्या काट्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. आता ते काटे चमकत नाहीत, म्हणजे धोका संपला, असे कोणी समजू नये. चमक देणारे द्रव्य संपलेले असते, रेडियम मात्र तसेच असते, कारण ते निम्मे व्हायलाच सुमारे १,६०० वर्षे लागतात. अशा घड्याळाची काच उघडू नये, काटे खरवडू नयेत. त्याची विल्हेवाट अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणेच व्हावी लागते आणि त्यासाठीचा पत्रव्यवहार करण्यात आम्ही मदत करतो. जुन्या रंगाखालचा पिवळट-हिरवा प्रायमर क्रोमेटयुक्त असतो. त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. चाकांजवळ वेल्डिंग तर मुळीच करू नये, कारण पेटलेले मॅग्नेशियम पाण्याने विझत नाही, उलट भडकते.

रंगकाम

१५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली की विमानाला रंग देण्याची घाई होते, आणि ऑगस्टमध्ये दमट पत्र्यावर दिलेला रंग पुढच्या वर्षी सालींसारखा सुटतो. आमच्याकडे आलेल्या एका विमानावर लोखंडी फाटकाला देतात तो तांबडा प्रायमर आणि त्यावर तैलरंगाचे सहा थर होते. ते उतरवायला जितके दिवस लागले, तितके नव्याने रंगवायला लागले नाहीत. जुना रंग काढण्यासाठी वाळूचा फवारा कधीही वापरू नये, कारण त्याने पातळ पत्रा वाकतो आणि वर सांगितलेला शुद्ध धातूचा थर निघून जातो. लोखंडी काथ्याही वापरू नये; त्याचे कण पत्र्यात रुतून नंतर तांबूस डाग देतात. आम्ही रसायनाने रंग मऊ करून प्लॅस्टिकच्या पात्यांनी काढतो, पत्रा धुऊन पूर्ण वाळवतो, मग ॲल्युमिनियमसाठीचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेन रंग देतो. हे काम आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच घेतो, आणि प्रजासत्ताक दिनासाठी विचारणा जानेवारीत आली तर विनम्रपणे नकार देतो.

रंग काढण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी तळहाताएवढा भाग ओल्या पॉलिशपेपरने हळूहळू घासून आम्ही खालचे थर एकाखाली एक उघडे करतो आणि त्यांची छायाचित्रे घेतो. त्यात कधी जुन्या स्क्वाड्रनचे चिन्ह सापडते, कधी विमान चटकन नजरेस पडू नये म्हणून दिलेला आधीचा छद्मरंग. यानंतर कोणत्या काळचे रूप ठेवायचे, हे ग्राहकाने ठरवायचे असते. मात्र विमानाचा मूळ क्रमांक बदलण्यास आम्ही तयार होत नाही. निर्मलजितसिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर नॅट विमानातून लढताना हुतात्मा झाले आणि त्यांना परमवीर चक्र देण्यात आले. आपल्याकडचे नॅट त्यांच्या विमानाचा क्रमांक देऊन रंगवावे, ही मागणी श्रद्धेपोटी केली जाते, हे आम्ही जाणतो, परंतु त्याने त्यांच्या विमानाचाही आणि आपल्या विमानाचाही इतिहास पुसला जातो. त्यांची माहिती शेजारच्या फलकावर द्यावी. हवाई दलाच्या वर्तुळचिन्हात केशरी मध्यभागी आणि हिरवा बाहेर असतो व त्यात अशोकचक्र नसते, हेही स्थानिक रंगाऱ्याला आठवणीने सांगावे.

कॅनोपी ॲक्रिलिकची असते. थिनर, पेट्रोल किंवा अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण लावल्यास तिच्यात बारीक तडांचे जाळे पसरते आणि ते परत जात नाही. ती भरपूर पाण्याने व मऊ सुती कापडाने पुसावी आणि उन्हाळ्यात वर हवा खेळती राहील असे जाड कापड बांधावे. प्लॅस्टिकचा ताडपत्री कागद गुंडाळणे हे न झाकण्यापेक्षा वाईट आहे, कारण खालची ओल बाहेर पडत नाही.

हलवणे आणि उभे करणे

मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे, म्हणून ते अखंड नेता येत नाही. पंख सोडवून, शेपटीकडचा भाग वेगळा करून ते लो-बेड ट्रेलरवरून आणावे लागते. पंख ज्या जोडांवर सुटतात त्याच जोडांवर, योग्य बोल्टांनी परत बसले पाहिजेत. क्रेनवाल्याच्या घाईमुळे पंख गॅसने कापून नंतर वेल्डिंगने चिकटवलेले एक विमान आम्ही पाहिले आहे. त्यावर आता आमच्याकडे उपाय नाही. इंजिन, रडार आणि सीट काढल्याने विमानाचा तोल मूळचा राहत नाही, त्यामुळे चाकांवर उभे करताना ते शेपटीवर बसू नये यासाठी आत किती वजन कुठे ठेवायचे याचा हिशेब करावा लागतो. चाकांवर उभ्या विमानाचा भार टायरांवर न ठेवता खालून आधारांवर घ्यावा. खांबावर बसवायचे असल्यास पाया आणि खांब यांचे आरेखन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावे, कारण जोराच्या वाऱ्यात पंख आपले मूळ काम करू पाहतात.

काम कसे चालते

पहिल्या भेटीत आम्ही पाहणी करून छायाचित्रांसह लेखी अहवाल देतो. त्याचे शुल्क ठरलेले असते आणि पुढे काम आमच्याकडे दिल्यास ते देयकातून वजा होते. काम न दिल्यासही अहवाल आपलाच राहतो. तो दाखवून आपण इतरांकडून दर मागवू शकता. काम पूर्ण झाल्यावर आम्ही एक नोंदवही देतो, जिच्यात कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला आणि कोणता रंग कोणत्या क्रमांकाचा, हे लिहिलेले असते. त्यानंतर मे अखेरीस छिद्रे व झाकणे तपासण्यासाठी आणि ऑक्टोबरमध्ये पावसाळ्यानंतरची पाहणी करण्यासाठी, अशा वर्षातून दोन भेटींचा करार करता येतो. मधमाश्यांचे पोळे आढळल्यास ते आधी जाणकाराकडून हलवून घ्यावे लागते; तो खर्च ग्राहकाकडे असतो. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे हरवलेले झाकण किंवा दरवाजा आम्ही पत्र्यात नव्याने घडवतो आणि त्याच्या आतल्या बाजूला तो नवा असल्याची खूण व वर्ष कोरतो.

आमच्याशी संपर्क साधताना ताबापत्राची प्रत, त्यातील अटी, विमानावरील क्रमांक आणि चारही बाजूंची तसेच पोटाखालची छायाचित्रे सोबत ठेवावीत. पोटाखालची छायाचित्रे शक्यतो पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी घ्यावीत, म्हणजे पाणी कुठून टपकते ते त्यांत दिसेल.