स्काऊट धर्मपदक, कॅथलिक

कॅथलिक स्काऊट धर्मपदक : कॅथलिक बालवीराने (स्काऊटने) आपल्या श्रद्धेचा नेमून दिलेला अभ्यास, प्रार्थना व सेवा पूर्ण केल्यावर चर्चतर्फे त्याला दिले जाणारे पदक. ही पद्धत अमेरिकेत सर्वांत पद्धतशीरपणे रुजली. कोकण किनाऱ्यावर वसईपासून सावंतवाडीपर्यंत कॅथलिक वस्ती जुनी आहे आणि तेथील शाळांना स्काऊट चळवळही अपरिचित नाही. मात्र या पदकात जो अभ्यास अभिप्रेत आहे, तो येथे पथकाकडे नसून धर्मग्रामाकडे (एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समुदायाकडे) आहे.

पदक देणारा कोण, याविषयी बराच गोंधळ आढळतो. तंबू, गाठी, प्रथमोपचार यांसारखी प्रावीण्यचिन्हे स्काऊट संघटना देते, तर धर्मपदक चर्च देते. अभ्यासक्रम चर्च ठरवते, मार्गदर्शक चर्च मान्य करते आणि मुलगा पात्र झाला की नाही, हेही चर्चच पाहते. संघटना फक्त ते गणवेशावर लावण्यास परवानगी देते. पदक समारंभापुरते असते. रोजच्या गणवेशावर त्याऐवजी जांभळ्या कापडावर रुपेरी गाठ असलेली छोटी पट्टी शिवतात. ही पट्टी सर्व धर्मांच्या मुलांना सारखीच असते, त्यामुळे नुसत्या पट्टीवरून मुलाचा पंथ कळत नाही.

उगम : या मालिकेतील सर्वांत जुने पदक ‘आद आल्तारे देई’ (देवाच्या वेदीकडे) हे होय. त्याचा आरंभ लॉस एंजेलिस परिसरात साधारणतः १९२६ च्या सुमारास झाला असे मानले जाते. देशपातळीवर ते १९३९ मध्ये स्वीकारले गेले असे सांगतात. काही लेखक १९३९ पासूनच पदकाचा इतिहास मोजतात. तथापि स्थानिक आरंभ हाच खरा उगम धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण पदकाचे मूळ स्वरूप त्यातच स्पष्ट दिसते. ते वेदीसेवेचे पदक होते. मिस्साच्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीच्या) वेळी धर्मगुरूंना साहाय्य करणाऱ्या मुलाने किती काळ निष्ठेने सेवा केली, हा त्याचा निकष होता. जुन्या लॅटिन मिस्साच्या प्रारंभी धर्मगुरू स्तोत्रसंहितेतील ‘इंत्रोइबो आद आल्तारे देई’ हे चरण म्हणत आणि पायरीशी गुडघे टेकलेला सेवक पुढचे चरण म्हणून त्याला उत्तर देई. पदकाचे नाव या संवादातून आलेले असल्याने ते मुळात वेदीसेवेचे पदक होते, या मताला बळकटी मिळते. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लोकभाषांत आला. आज या पदकाचा गाभा बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा व विवाह या सात संस्कारांचा अभ्यास हा आहे.

टप्पे : सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ हे पदक असून त्याचा अभ्यास आईवडिलांसोबत घरीच करायचा असतो. त्यानंतर आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ‘पार्वुली देई’ (देवाची लहान मुले), सहावी पूर्ण केलेल्यांसाठी ‘आद आल्तारे देई’ आणि मोठ्या मुलांसाठी ‘पोप पायस बारावे’ हे पदक आहे. शेवटच्यात जीवनातील पाचारण, म्हणजे विवाह, धर्मगुरुपद, व्रतस्थ जीवन आणि व्यवसाय, यांवर चर्चा होते. मोठ्या पदकांसाठी धर्मप्रांताने (बिशपांच्या अखत्यारीतील विभागाने) नेमलेल्या मंडळापुढे मुलाखत असते. पाठांतर तपासणे हा तिचा हेतू नसतो. मुलाला स्वतःच्या शब्दांत काय सांगता येते, ते ऐकले जाते. या पद्धतीतील हा भाग सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्याच्या श्रद्धेविषयी कोणी शांतपणे विचारावे आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे, असे प्रसंग फार थोडे येतात.

चर्च व स्काऊट चळवळ : इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावरील १९०७ च्या पहिल्या स्काऊट शिबिरानंतर चळवळ झपाट्याने पसरली, तेव्हा काही कॅथलिक वर्तुळांत तिच्याविषयी संशय होता. तो दूर करण्यात फ्रेंच येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू जाक सेव्हाँ (१८८२–१९५१) यांचा वाटा मोठा आहे. कॅथलिक स्काऊटांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या घटनेस १९६२ मध्ये रोमची मान्यता मिळाली.

कोकण : भारतात स्काऊट पथके १९०९ पासून आढळतात. निरनिराळ्या संघटनांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ अस्तित्वात आली. तिच्या प्रतिज्ञेत ईश्वराप्रती कर्तव्याचा उल्लेख असून ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. सर्वधर्म प्रार्थना हा तिच्या कार्यक्रमाचा भाग आहे. प्रवेशापासून राष्ट्रपती स्काऊटपर्यंतच्या सोपानांत मात्र एखाद्या पंथाचे पदक नाही. एकाच पथकात आगरी, भंडारी, मुसलमान आणि ख्रिस्ती घरांतील मुले उभी राहतात, तेथे ही रचना योग्यच आहे.

त्यामुळे कोकणातील कॅथलिक मुलाचे धर्मशिक्षण रविवारच्या वर्गात, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत आणि वेदीजवळ होते. मिस्सापूर्वी मेणबत्त्या लावणे, पाण्याच्या व द्राक्षारसाच्या लहान सुरया मांडणे, धूपपात्रातील निखारा विझू न देणे आणि भाकर व द्राक्षारस उंचावण्याच्या क्षणी नेमकी घंटी वाजवणे, एवढी कामे नीट करायला शिकता शिकताच मुलाला मिस्साचा क्रम समजू लागतो. धर्मशिक्षण इथल्या भाषेत देण्याची परंपराही किनाऱ्यावर जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया (जन्म १५५७ च्या सुमारास) येशूसंघीयांच्या सहवासात वाढले व पुढे फ्रान्सिस्कन या संन्यासी संघात गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर ठार करण्यात आले आणि १८६२ मध्ये संतपद देण्यात आले.

किनाऱ्याची धर्मप्रांतीय विभागणी अलीकडची आहे. मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये, तर पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये वेगळा झाला. रायगड मुंबईकडेच राहिला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या वसई-मालवणकडील कुटुंबांतील मुलांना हे पदक तेथील धर्मग्रामामार्फत मिळवता येते.

मुलींचा प्रवेश दोन्ही बाजूंनी उशिरा झाला. मुलींना वेदीसेवा करू देण्याचा निर्णय बिशपांवर सोपवणारे रोमचे पत्र १९९४ चे आहे. अमेरिकेतील स्काऊट पथके मुलींना २०१९ मध्ये खुली झाली आणि त्याबरोबर ‘आद आल्तारे देई’चा अभ्यासही.