विल्यम ब्लेकची दर्शनकला

इंग्रज कवी, चित्रकार आणि उत्कीर्णक (छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा) विल्यम ब्लेक (२८ नोव्हेंबर १७५७ – १२ ऑगस्ट १८२७) याने आपल्याला होणाऱ्या आंतरिक दर्शनांना रूप देण्यासाठी जी चित्रे, मुद्राचित्रे आणि स्वतःच्या हाताने छापलेले सचित्र काव्यग्रंथ निर्माण केले, त्या समग्र निर्मितीला त्याची दर्शनकला असे म्हटले जाते. स्वच्छंदतावादाच्या (रोमँटिसिझमच्या) पहिल्या पिढीतील या कलावंताच्या कामाचे वर्णन पुष्कळदा गूढ, धूसर, स्वप्नाळू अशा विशेषणांनी केले जाते. पण ती विशेषणे या कलेला लागू पडत नाहीत. ब्लेकला जे दिसत असे ते, त्याच्याच सांगण्यानुसार, चर्मचक्षूंना दिसणाऱ्या वस्तूंहून अधिक रेखीव आणि अधिक बारकाव्यांनी भरलेले असे. ते तितक्याच रेखीवपणे उतरवण्याचे साधन त्याला मिळाले ते तांब्याचा पत्रा, कोरणी, आम्ल आणि शाई यांच्यावर वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मिळवलेल्या हुकमतीतून. त्यामुळे त्याच्यातला द्रष्टा आणि त्याच्यातला कारागीर यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

ब्लेकचा जन्म लंडनच्या सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवर एका मोजेविक्रेत्याच्या घरी झाला. घराणे प्रस्थापित अँग्लिकन चर्चपासून दूर राहणारे होते आणि घरात बायबलचे वाचन मुरलेले होते. आठ-दहा वर्षांचा असताना पेकम राय येथे एका झाडाच्या फांदीफांदीवर देवदूत बसलेले त्याने पाहिले. घरी येऊन ते सांगितल्यावर खोटे बोलल्याबद्दल वडील त्याला चोप देणार होते, पण आई मध्ये पडली. अशी दर्शने त्याला मरेपर्यंत होत राहिली आणि त्यांविषयी तो एखाद्या शेजाऱ्याविषयी बोलावे इतक्या सहजतेने बोलत असे. समकालीनांपैकी अनेकांनी त्याला वेडा ठरवले, परंतु त्याच्या निकट सहवासात राहिलेल्या तरुण चित्रकारांना तो अत्यंत समतोल, कष्टाळू आणि शांत वृत्तीचा माणूस वाटला.

१७७२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला जेम्स बझायर या उत्कीर्णकाकडे सात वर्षांसाठी उमेदवारीवर ठेवण्यात आले. बझायर हा लंडनच्या पुराणवस्तू अभ्यासकांच्या संस्थेसाठी काम करीत असे आणि त्याची शैली तेव्हाच्या मानाने जुनी, ठसठशीत बाह्यरेषेवर भर देणारी होती. त्याने या मुलाला वेस्टमिन्स्टर ॲबीमधील राजाराण्यांच्या समाध्यांची रेखाटने करायला पाठवले. गॉथिक शिल्पांच्या उभट आकृत्या, वस्त्रांच्या लांब चुण्या आणि दगडात गोठलेले हावभाव तिथे त्याच्या हातात बसले ते कायमचे. पुढे १७७९ मध्ये तो रॉयल अकॅडमीच्या शाळेत दाखल झाला खरा, पण तिचे अध्यक्ष जोशुआ रेनल्ड्झ यांच्या तैलरंगप्रधान, सर्वसामान्यीकरणाला महत्त्व देणाऱ्या कलाविचाराशी त्याचे कधीच पटले नाही. रेनल्ड्झच्या व्याख्यानांच्या आपल्या प्रतीत त्याने समासांमध्ये संतप्त टिपणे लिहून ठेवली आहेत. सामान्यीकरण करणे म्हणजे मूर्खपणा, विशेषाला धरून राहणे हीच गुणवत्तेची खूण, हे त्या टिपणांतले सूत्र त्याच्या चित्रांनाही लागू आहे. ब्लेक इंग्लंडबाहेर कधी गेला नाही. मायकेलअँजेलो, रॅफेएल आणि ड्यूरर हे त्याचे गुरू त्याला मुख्यतः छापील प्रतिकृतींतूनच भेटले.

१७८२ साली त्याने कॅथरीन बाउचर हिच्याशी विवाह केला. विवाहनोंदीत सहीच्या जागी फुलीची खूण करणाऱ्या या तरुणीला त्याने लिहावाचायला शिकवले, आणि पुढे छापयंत्र चालवणे, पाने रंगवणे या कामांत ती त्याची बरोबरीची सहकारी झाली. ब्लेकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक पानांवर तिचाही हात फिरलेला आहे आणि त्याच्या कलेची कोणतीही नोंद तिच्या उल्लेखावाचून अपुरी राहील.

फेब्रुवारी १७८७ मध्ये ब्लेकचा लाडका धाकटा भाऊ रॉबर्ट क्षयाने वारला. त्याच्या मृत्युसमयी त्याचा आत्मा आनंदाने टाळ्या वाजवत छतातून वर जाताना आपण पाहिला, असे ब्लेक सांगत असे. आणि कविता व चित्र एकाच पत्र्यावरून छापण्याची युक्तीही मृत रॉबर्टनेच दर्शनात येऊन आपल्याला सांगितली, असा त्याचा दावा होता. ही युक्ती म्हणजे उठावाचे अम्लरेखन होय. नेहमीच्या अम्लरेखनात पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यात सुईने रेघा ओढतात, आम्ल त्या रेघा खोल करते आणि शाई त्या खाचांत भरली जाते. ब्लेकने हा क्रम उलटा केला. आम्लाला दाद न देणाऱ्या वॉर्निशसारख्या द्रवाने तो कुंचल्याने किंवा लेखणीने थेट तांब्यावर अक्षरे आणि आकृत्या काढी. मग आम्ल उरलेला मोकळा भाग खाऊन टाकी आणि काढलेला मजकूर उठावात शिल्लक राही. त्यावर शाई लावून हलक्या दाबाने छाप घेतला जाई आणि वाळल्यावर पान जलरंगांनी रंगवले जाई. छापल्यावर मजकूर सुलटा यावा म्हणून पत्र्यावर तो उलटा असावा लागतो. हे त्याने कसे साधले याबद्दल विसाव्या शतकात बराच खल झाला. १९४७ मध्ये कवी रूथव्हन टॉड, मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर आणि चित्रकार जोन मिरो यांनी कागदावर लिहिलेला मजकूर पत्र्यावर उतरवून घेण्याचे प्रयोग केले. पुढे रॉबर्ट एसिक आणि जोसेफ व्हिस्कोमी या अभ्यासकांनी ब्लेक सरळ पत्र्यावरच उलट्या अक्षरांत लिहीत असावा असे दाखवून दिले. उत्कीर्णकाच्या धंद्यात उलटे लिहिणे ही रोजचीच बाब असल्याने हे मत अधिक पटण्याजोगे आहे. मूळ पत्र्यांपैकी ‘अमेरिका’ या काव्यासाठी केलेल्या आणि नंतर रद्द केलेल्या एका पत्र्याचा तुकडा तेवढा उरला असून तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.

मध्ययुगीन सुशोभित हस्तलिखितांशी नाते सांगणारे ‘इल्यूमिनेटेड प्रिंटिंग’ हे नाव ब्लेकने या पद्धतीला दिले. ऑक्टोबर १७९३ मध्ये काढलेल्या जाहीर पत्रकात त्याने तिची भूमिकाही मांडली: कवी आणि चित्रकार यांना आपल्या कृती लोकांपर्यंत नेण्याचे साधन स्वतःच्या हाती नसल्यामुळे ते आजवर दारिद्र्यात आणि उपेक्षेत राहिले, आणि ती अडचण या पद्धतीने दूर होईल. ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ (१७८९) या संग्रहाची किंमत त्या पत्रकात ५ शिलिंग दिली आहे. लेखक, चित्रकार, मुद्रक आणि प्रकाशक ही चारही कामे एका घरात आणणारी ही योजना व्यवहारात फसली. प्रती मोजक्याच निघाल्या आणि घर चालले ते दुसऱ्यांच्या चित्रांवरून पत्रे कोरण्याच्या मजुरीवर. मात्र शब्द आणि चित्र यांच्यातला मुद्रणालयाने घातलेला दुरावा तिने खरोखरच मिटवला. पानावर अक्षरांच्या शेपट्यांतून वेली फुटतात, ओळींच्या मधल्या जागेत पक्षी, मुले, ज्वाळा, साप वावरतात आणि कवितेच्या अर्थाला चित्र कधी दुजोरा देते, तर कधी विरोध करते. १७९४ मध्ये या संग्रहाला ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स’ची जोड मिळाली. त्यातील ‘द टायगर’ या कवितेत भट्टीत घडवलेल्या धगधगत्या वाघाचे भय आहे, पण तिच्याखाली रंगवलेला वाघ अनेक प्रतींत निरुपद्रवी, जवळजवळ पाळीव दिसतो. या विसंगतीवर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. ती हाताची चूक मानण्यापेक्षा, भीती पाहणाऱ्याच्या मनात असते हा कवितेतला न लिहिलेला भाग मानणे अधिक योग्य वाटते. ‘लंडन’ या कवितेच्या माथ्यावर एक लहान मूल कुबडीवर वाकलेल्या म्हाताऱ्याला वाट दाखवीत नेते; कवितेच्या ओळींत कुठेही नसलेली ही करुणा केवळ चित्रात आहे.

१७९० ते १८०० या काळात लंडनमधील लॅम्बेथ येथे राहत असताना ब्लेकने स्वतःची पुराणकथा रचली. तिच्यात युरिझन हा मोजमाप, कायदा आणि कोरड्या बुद्धीचा अधिपती आहे. लॉस हा लोहाराच्या भट्टीपाशी राबणारा, कल्पनाशक्तीचा कारागीर आहे. आणि ॲल्बिअन हा ज्याच्या विखंडनातून सारे दुःख जन्मते तो आदिमानव आहे. अमेरिकन आणि फ्रेंच राज्यक्रांत्यांची धग ‘अमेरिका’ (१७९३) आणि ‘युरोप’ (१७९४) या काव्यांत थेट जाणवते. ‘युरोप’च्या मुखचित्रात सूर्यगोलातून ओणवा झालेला पांढऱ्या दाढीचा वृद्ध डाव्या हातातील कंपासाने खालच्या अंधाराचे माप घेतो. हे चित्र आज जगभर सृष्टिकर्त्याचे भव्य चित्र म्हणून छापले जाते. ब्लेकच्या कथेत मात्र हा अमर्यादाला सीमेत कोंडणारा युरिझन आहे. १७९५ च्या सुमारास केलेल्या बारा मोठ्या रंगीत मुद्राचित्रांपैकी ‘न्यूटन’ या चित्रातही कंपास आहे. खडकावर वाकून बसलेला सुदृढ, नग्न न्यूटन जमिनीवरच्या कागदावरील भूमितीच्या आकृतीत गढलेला आहे आणि पाठीमागच्या, रंगांनी लडबडलेल्या विलक्षण सुंदर खडकाकडे त्याचे लक्षही नाही. १८०२ च्या एका पत्रातील कवितेत ब्लेकने एकेरी दृष्टीपासून आणि न्यूटनच्या निद्रेपासून देवाने आपल्याला वाचवावे अशी प्रार्थना केली आहे. दुहेरी, तिहेरी आणि चौपदरी दृष्टीचा त्याचा विचार त्याच कवितेत येतो.

१८०० ते १८०३ ही वर्षे त्याने विल्यम हेली या आश्रयदात्याच्या सांगण्यावरून ससेक्सच्या किनाऱ्यावरील फेल्पम येथे काढली. बागेत शिरलेल्या एका सैनिकाला हुसकावून लावल्यामुळे त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि जानेवारी १८०४ मध्ये चिचेस्टर येथे तो निर्दोष सुटला. त्या सैनिकाचे नाव पुढे ‘जेरुसलेम’ या शंभर पानांच्या महाकाव्यात दुष्ट शक्तींपैकी एक म्हणून आले. या ग्रंथाची ब्लेकने पूर्ण रंगवलेली एकच प्रत आहे. ती येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे.

ब्लेकच्या कलाविचाराची सर्वांत स्पष्ट मांडणी १८०९ च्या प्रदर्शनाच्या वर्णनात्मक सूचीत सापडते. ब्रॉड स्ट्रीटवरच्या भावाच्या दुकानावरील मजल्यावर त्याने आपल्या सोळा कृती मांडल्या होत्या. आत्मे आणि दर्शने म्हणजे आधुनिक तत्त्वज्ञान समजते तसे ढगाळ बाष्प नव्हे, ती मर्त्य निसर्ग निर्माण करू शकेल त्याहून अधिक सुसंघटित आणि सूक्ष्म अवयवांनी युक्त असतात, असे तो तिथे ठामपणे लिहितो. आणि सीमारेषा जितकी स्पष्ट, तीक्ष्ण आणि तारेसारखी ताणलेली तितकी कलाकृती श्रेष्ठ, हा कलेचा आणि जीवनाचाही सुवर्णनियम असल्याचे सांगतो. रूबेन्स आणि रेम्ब्रांट यांच्या छायाप्रकाशावरचा त्याचा राग याच विचारातून येतो, कारण सावलीत रेषा विरघळली की त्याच्या दृष्टीने दर्शनच नाहीसे होते. याच प्रदर्शनात ‘द ब्रॅमिन्स’ नावाचे एक रेखाचित्र होते. चार्ल्स विल्किन्स यांनी १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भगवद्गीतेच्या इंग्रजी भाषांतरावरून ते सुचले होते आणि त्यात विल्किन्स गीतेचे भाषांतर करताना दाखवले होते. चित्रातील वेशभूषा बरोबर नाही हे ब्लेक सूचीत मान्य करतो, पण प्राचीनांनीही असे स्वातंत्र्य घेतल्याचा दाखला देतो. ब्रिटिश पंतप्रधान पिट आणि नौसेनानी नेल्सन यांच्यावरील आपली चित्रे इराणी, हिंदू आणि इजिप्शियन देवत्वारोपणाच्या शिल्पांसारखी असल्याचेही त्याने म्हटले आहे. गीतेवरचे हे चित्र आज हरवलेले आहे. भारतीय वाचकाला त्याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. प्रदर्शनाला फारसे कोणी आले नाही, आणि ‘द एक्झॅमिनर’ या पत्राने चित्रकाराला दुर्दैवी वेडा ठरवले.

१८१८ मध्ये तरुण चित्रकार जॉन लिनेल याच्याशी झालेल्या परिचयाने ब्लेकच्या उतारवयाला आधार मिळाला. लिनेलमुळे ओळख झालेल्या जॉन व्हार्ली या ज्योतिषाचा नाद असलेल्या चित्रकाराच्या आग्रहावरून ब्लेक रात्रीच्या बैठकांत ऐतिहासिक आणि पौराणिक व्यक्तींच्या दर्शनांची रेखाटने करू लागला. व्हार्लीने सांगितलेला एक प्रसंग ब्लेकच्या पाहण्याची रीत नेमकी दाखवतो. पिसवेचा आत्मा रेखाटताना ब्लेक मध्येच थांबला आणि त्याने कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात फक्त तोंड काढायला घेतले, कारण त्या आत्म्याने तोंड उघडले होते आणि ते मिटेपर्यंत मूळ रेखाटन पुढे नेणे शक्य नव्हते. समोर बसलेल्या माणसाचे व्यक्तिचित्र काढताना चित्रकार जी शिस्त पाळतो तीच शिस्त इथे आहे. या रेखाटनावरून केलेले ‘द घोस्ट ऑफ अ फ्ली’ हे चित्र जेमतेम २१ × १६ सेंमी. आकाराचे असून त्यातील रक्तपिपासू, स्नायूबद्ध आकृती रंगमंचावरून चालल्यासारखी पडद्यांमधून जाते. ब्लेक अशा चित्रांसाठी तेलाऐवजी डिंक किंवा सरस यांत कालवलेले रंग वापरीत असे; काळाच्या ओघात त्यांपैकी पुष्कळ चित्रे काळवंडली आणि तडकली.

१८२१ मध्ये व्हर्जिलच्या गोपगीतांच्या एका शालेय आवृत्तीसाठी त्याने लाकडावर कोरलेली सतरा इवलीशी चित्रे सॅम्युएल पामर, एडवर्ड कॅल्व्हर्ट आदी तरुणांना इतकी भावली की त्यांतून इंग्रजी निसर्गचित्रणाची एक वेगळी धारा निघाली. लिनेलने सांगून करून घेतलेली आणि १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेली बायबलमधील ‘बुक ऑफ जोब’वरील एकवीस उत्कीर्णने ही मात्र त्याच्या कोरणीची परमावधी होय. बाजारू उत्कीर्णनातील रेघांची यांत्रिक जाळी इथे मागे पडली आहे. प्रत्येक रेघ वस्तूच्या गाभ्यातून निघाल्यासारखी आहे आणि चित्राभोवतीच्या चौकटीत बायबलची वचने, ज्वाळा आणि देवदूत यांचे नाजूक भाष्य चालू राहते. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’वरील १०२ जलरंगचित्रे आणि सात उत्कीर्णने तो अंथरुणाला खिळला असतानाही करीत होता, ती अपुरी राहिली.

मृत्यूनंतर तो जवळजवळ विस्मरणात गेला. १८६३ मध्ये अलेक्झांडर गिल्क्रिस्ट याने लिहिलेले आणि त्याच्या अकाली निधनानंतर पत्नी ॲन हिने रोझेटी बंधूंच्या साहाय्याने पूर्ण केलेले चरित्र प्रसिद्ध झाले आणि ब्लेकचा खरा वाचकवर्ग तयार होऊ लागला. स्विन्बर्न आणि येट्स या कवींनी व विसाव्या शतकात अभ्यासक जेफ्री केन्स यांनी ते काम पुढे नेले. त्याच्या कृती आज विखुरलेल्या आहेत. लंडनमधील टेट आणि ब्रिटिश म्यूझियम, केंब्रिजचे फिट्झविल्यम म्यूझियम, न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय आणि कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालय ही त्यांची प्रमुख ठिकाणे असून दान्तेमालिकेतील ३६ चित्रे ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे आहेत. हाताने रंगवलेल्या ग्रंथांच्या कोणत्याही दोन प्रती सारख्या नाहीत, रंग बदलतात आणि ‘बुक ऑफ युरिझन’सारख्या ग्रंथात तर पानांचा क्रमही बदलतो. म्हणून एका प्रतीवरून ब्लेकविषयी मत बनवणे धोक्याचे असते. निरनिराळ्या संग्रहांतील प्रती शेजारी ठेवून पाहण्याची सोय १९९६ पासून ‘विल्यम ब्लेक आर्काइव्ह’ या महाजालावरील संग्रहाने सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे.