तालांव येण्याआधीचा बोर्ड

गोव्यात पर्वरीला आमचा एक दादा आहे, त्याच्या तीन स्कूटर रेंट अ बाईकला लावलेल्या, काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरंवाल्या. मागच्या सीझनला त्याच्या मोबाईलवर स्पीडचा तालांव, म्हणजे दंडाचं चलन, आला. रस्त्यावरच्या स्पीड कॅमेऱ्याच्या फोटोत नंबर एकदम क्लिअर, मागे बसलेल्या मुलीने एका हाताने टोपी दाबून धरलेली, आणि चालवणारा तोपर्यंत पुण्याला परत जाऊन कामालाही लागलेला. पोलिसाने अडवलं असतं तर चालवणाऱ्याच्याच खिशातून पैसे गेले असते ना, असं दादाचं म्हणणं. हा राग नवा नाही, कॅमेऱ्यांवर सरकारांनी जे निर्बंध घातले ते बरेचसे अशाच कुरकुरीतून आलेत.

गंमत म्हणजे हे यंत्र लोकांना पकडायला बनलंच नव्हतं. मॉस गॅट्सोनिडेस हा डच रॅली ड्रायव्हर, 1953 ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला, त्याला वळणावर आपलीच गाडी किती स्पीडने जाते ते मोजायचं होतं. पुढे तेच पोलिसांच्या हातात गेलं.

ब्रिटनमध्ये 1992 पासून कॅमेरे लागले, पण खरी बोंब झाली 2000 नंतर, कारण दंडाच्या पैशातून कॅमेऱ्याचा खर्च काढायची परवानगी दिली आणि मग काय, लोक म्हणाले हा सगळा गल्ला भरायचा धंदा. तेव्हा सरकारने अटी घातल्या: कॅमेरा पिवळा रंगवा, लांबून दिसला पाहिजे, आणि फिक्स कॅमेरा लावायचा तर त्या किलोमीटरभरात तीन वर्षांत जीव गेलेले किंवा गंभीर जखमी झालेले निदान चार अपघात दाखवा. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणी अट हीच. 2007 मध्ये दंड आणि खर्चाची ती जोडणीच तोडली. बाकी ठिकाणी एवढा धीर नव्हता, अमेरिकेत ॲरिझोनाने हायवेवरचे कॅमेरे 2010 मध्ये बंद केले, कॅनडातल्या ओंटारियोने नोव्हेंबर 2025 मध्ये स्पीड कॅमेऱ्यांवर सरळ बंदीच घातली.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कॅमेऱ्याने रस्त्यावर नजर ठेवायचं कलम 136अ आलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये त्याचे नियम. 2021 चे ते नियम वाचले तर कॅमेऱ्यापेक्षा कॅमेरा लावणाऱ्यालाच जास्त बांधलंय: मशीनला मंजुरीचं सर्टिफिकेट, ते दर वर्षी रिन्यू, कॅमेऱ्याच्या आधी ठळक बोर्ड, फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही दिसायला हवं, घटनेपासून 15 दिवसांत नोटीस, आणि तालांव निकाली निघेपर्यंत रेकॉर्ड जपून ठेवायचं. जागा पण सांगितल्यात, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरचे धोक्याचे, गर्दीचे पट्टे आणि 10 लाखांवरच्या शहरांतले मोठे जंक्शन. आता गोव्यात 10 लाखांचं शहर कुठलं काढणार, 2011 च्या जनगणनेत अख्खं राज्यच साडेचौदा लाखांचं! म्हणजे आमच्याकडे मुख्यतः हायवेच.

त्याआधी गोव्याने एक वेगळाच प्रयोग केला होता, 2017 चा ट्रॅफिक सेंटिनल. कॅमेऱ्याचं काम चक्क लोकांना दिलं, नियम मोडणाऱ्याचा फोटो नाहीतर व्हिडिओ पाठवायचा, पॉइंट जमवायचे, बक्षीस घ्यायचं. वाड्यावर कोण कोणाचा फोटो काढतोय यावरून भांडणं होणारच होती, ती झाली. माणसापेक्षा खांब बरा, खांबाशी निदान वैर तरी धरता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीतले वाढीव दंड गोव्यात लागू व्हायला एप्रिल 2022 उजाडलं, आणि जून 2023 मध्ये पणजीजवळच्या मेरशी जंक्शनला एआयवाला, नियम मोडणाऱ्याला कॅमेऱ्याने आपोआप टिपणारा सिग्नल आला, तेव्हापासून घरोघरी मोबाईलवर तालांव येणं सुरू झालं. सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेही राज्यांना सांगितलं की 136अ आणि त्याचे नियम कागदावर ठेवू नका, अमलात आणा.

तर सांगायचं म्हणजे दादाला हे 15 दिवसांचं प्रकरण मी सांगितलं, तो लगेच कॅलेंडर घेऊन बसला, फोटोवरची तारीख, मेसेजची तारीख, बोटावर मोजली. बारावा दिवस निघाला. भरले पैसे, आणि आता स्कूटर देताना गिऱ्हाइकाकडून डिपॉझिट जास्त घेतो.